सिग्नीसाठी बेर्गनमधला एक दिवस

बेर्गन, ९ मार्च

प्रिय सिग्नी,

आपण शनिवारी दुपारी जिना धुवायचो, आठवतं का तुला? सँडविकेनच्या त्या लाकडी घरात पाळीची पाटी आपल्या दाराला लागली, की आई बादल्यांमध्ये हिरवा साबण ढवळून ठेवायची आणि सिस्टरांच्या इस्पितळात स्वयंपाकाला निघून जायची. तू वरच्या मजल्यापासून सुरुवात करायचीस, मी खालच्या. मधल्या वळणावर आपण भेटायचो. तुझी बादली नंतर भरलेली असायची, म्हणून तिचं पाणी ऊन असायचं, आणि तू म्हणायचीस, "बुडव हात. पण काढून झाल्यावर आभार मानू नकोस, फार चिडचिड होते." मग आपला भाऊराया आर्विड चिखलाच्या बुटांनी धडधडत वर यायचा आणि आपण ओरडलो की म्हणायचा, "मग काय उडत जाऊ?" मोठं असं काही घडत नसे. पुसलेल्या पायऱ्या पुन्हा पुसायच्या, एवढंच.

तुझी मेल आली. अकरा वर्षांनी. मी ती दोनदा वाचली आणि मग बटाटे उकडायला लावले.

तू लिहितेस की जहाज अठरा जूनला सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. जहाजाच्या सहलीबरोबर तुम्हाला जायचं नाही, कारण छातीवर नंबर चिकटवून एका बाईच्या झेंड्यामागे चालणं तुझ्या डेसमंडला मेंढरासारखं वाटतं. मी पर्यटकांच्या माहिती केंद्रात आयुष्य काढलं, तेव्हा आपलं आपण काय बघावं ते मी सांगावं. सांगते. काउंटरवर मी प्रत्येकाला आधी एकच विचारायचे, तेच तुलाही विचारते: गुडघे कसे आहेत?

बरे आहेत असं धरून लिहिते. जहाज स्कोल्टेनच्या धक्क्याला लागलं तर बस नको, टॅक्सी नको. किल्ल्याच्या भिंतीकडेनं चालत ब्रिग्गेनला या. तिथली जुनी लाकडी घरं समोरून बघू नका, समोरून सगळे बघतात. मधल्या बोळात शिरा, फळ्या अजून तशाच वाजतात. मग तडक फ्लॉयेन डोंगरावर चढणाऱ्या रुळांच्या गाडीकडे. त्या दिवशी बंदरात आणखी दोन जहाजं आहेत, मी पाहिलं आहे, आणि त्यांचे नंबरवाले लोक नाश्ता करून एकदमच बाहेर पडतात. त्यांच्या आधी डोंगरावर पोचलात तर कठडा तुमचा. उजव्या हाताला सँडविकेन दिसेल. आपलं घर दिसत नाही, पुढे नवीन इमारत झाली. आर्विड जानेवारीत गेला. बावीस तारखेला, बोटीवरचा बर्फ काढत असताना, हृदय थांबलं. उतरताना गाडी नको, पायवाटेनं या, वळणं आहेत पण उतार सौम्य आहे आणि झाडीत वारा लागत नाही.

हे असं मधेच लिहायचं नव्हतं. पण वेगळा परिच्छेद केला तर त्याला सुरुवात कशी करायची ते मला कळेना. शाळेत सिस्टर आनुंसियाटा शिकवायच्या, पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस, मग आपलं रडगाणं. रडगाणं असं नाहीच. मी जेवते, झोपते. गुरुवारी माशाच्या वड्या घेते आणि त्याच्या वाट्याच्याही घेते. घरी आल्यावर लक्षात येतं, मग शुक्रवारीही त्याच खाते.

पेपरातल्या निधनाच्या सूचनेचं कात्रण सोबत ठेवते. या वेळी ती मी दिली. तुझ्या नावाबरोबर डेसमंडचं नाव आहे. पेपरमधल्या मुलीनं स्पेलिंग दोनदा विचारलं.

तुझी,
इंगुन


बेर्गन, ४ एप्रिल

प्रिय सिग्नी,

"आर्विडचं वाचलं. कात्रण पोचलं. फ्लॉयेन आणि उल्रीकेन, दोन्ही डोंगर एका दिवसात होतील का?"

होतील. एवढंच विचारलंस त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, याचा विचार केला, पण त्याचंही उत्तर आलं नाही. हल्ली असंच आहे. वसंत आला असं लोक म्हणतात आणि मी खिडकीतून बघून हो म्हणते.

तर उल्रीकेन. फ्लॉयेनवरून उतरून शहरात आलात की डेसमंडला दालचिनीचा पाव खाऊ घाल, मोठा, ताटलीएवढा, कोपऱ्यावरच्या कुठल्याही बेकरीत मिळेल. मासळीबाजार बघा, तिथे जेवू नका. मग मोठ्या इस्पितळाकडे जाणारी बस. इस्पितळाच्या मागच्या चढावर रोपवेचं स्टेशन आहे. पण बसमधून उतरून आधी मान वर करा. डोंगरमाथ्यावरचा मनोरा दिसला तर तिकीट काढा. दिसला नाही तर वर ढगाशिवाय काही नाही. मी हे काउंटरवर सांगायचे तेव्हा लोकांना वाटायचं की बाईला तिकीट विकायचं नाही.

रोपवेच्या आधी वाटेतच मॉलेनडालची दफनभूमी आहे. तुला सांगायला नको. आई-बाबा तिथे आहेत आणि ती कबर तुझ्या नावावर आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. मी दफनभूमीच्या ऑफिसात गेले होते. तिथे बेंटे म्हणून बाई आहे, शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होती, दात पुढे असलेली. ती म्हणाली, "अस्थींचा कलश सहा महिन्यांच्या आत जमिनीत गेला पाहिजे. जुलै संपेपर्यंत वाट बघत बसू नकोस. नाहीतर मग जागा आम्ही ठरवतो, आणि आम्ही कुठे ठरवू ते आमचं आम्हालाही माहीत नसतं."

मी म्हटलं, "त्याला आईजवळ ठेवायचं आहे."

"मग कबर ज्याच्या नावावर, त्याची सही आण. सिग्नी ना? ऑस्ट्रेलियातली? दरवर्षी बिल गेलं की आठवड्यात पैसे येतात. ख्रिसमसचं कार्डसुद्धा कधी नाही, पण पैसे येतात."

"आणि जागा आहे?"

"दोन कलश मावतील. तुम्ही तिघं आहात, हे मला माहीत आहे, तोंडाकडे बघू नकोस. जरा पुढे सरका म्हणायला ही काय बस आहे?"

तर असं आहे, सिग्नी. त्यातली एक जागा मी आर्विडसाठी मागते आहे. तुझी सही लागेल.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. आई गेली तेव्हा तू दोन विमानं बदलून आलीस आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पेपर उघडलास. सूचनेत तुझ्या नावाशेजारी आर्विडनं तुर्गेइरचं नाव दिलं होतं. घटस्फोटाला नऊ वर्षं झालेली, डेसमंड तुझ्याशेजारी कॉफी पीत बसलेला, आणि साऱ्या बेर्गनला वाचायला तू अजून तुर्गेइरची बायको. आर्विडचं म्हणणं, तुर्गेइरनं आईला दर मंगळवारी गाडीतून इस्पितळात नेलं, तीन वर्षं. "पेपरात नाव नसेल तर तो चर्चमध्ये बसणार कुठे?" तू म्हणालीस, "आणि डेसमंड कुठे बसणार?" आर्विड म्हणाला, "त्याला मी ओळखतच नाही." हे त्यानं खरंच सरळपणानं म्हटलं होतं. तो तसाच होता. तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलीस, मग दफनभूमीच्या ऑफिसात जाऊन कबर आपल्या नावावर करून घेतलीस आणि मला फक्त म्हणालीस, "आता इथे कोण येणार ते मी ठरवीन."

ठरव. मी तुला घाई करत नाही. करते आहे, पण जुलैपर्यंतच.

रोपवेवर वर गार वारा असतो. जूनमध्येसुद्धा टोपी हवी.

इंगुन


बेर्गन, ६ मे

प्रिय सिग्नी,

तुझ्या दोन्ही मेल मिळाल्या. हो, रेनकोट हवा, छत्री नको, छत्री इथे वारा काढून घेतो. हो, ब्रिग्गेनवर स्वच्छतागृह आहे, ते शोधायला डेसमंडला अर्धी सकाळ घालवावी लागणार नाही. आणि हो, मी धक्क्यावर येणार नाही. "कृपया धक्क्यावर येऊ नकोस" असं तू लिहिलंस, ते कृपया वाचताना मला सिस्टर आनुंसियाटा आठवल्या. त्या फार रागावल्या की कृपया म्हणायच्या.

सहीबद्दल तू काही लिहिलं नाहीस.

आर्विडचं घर या महिन्याच्या अखेरीला रिकामं करून द्यायचं आहे. ओडलाइव येतो मदतीला. तुला तो आठवत असेल, लाल दाढीचा, आर्विडबरोबर मासेमारीला जायचा. दाढी आता लाल नाही. आम्ही डबे भरतो आणि तो बोलत राहतो. काल कलशाचा विषय निघाला. कलश माझ्याकडे नाही, तो दफनभूमीच्या ताब्यात असतो, फडताळात, नंबर लावून. डेसमंडला सांगू नकोस.

ओडलाइव म्हणाला, "एवढं सहीसाठी कशाला अडायचं? समुद्रात टाकू त्याला. आयुष्यभर मासे खाल्ले, आता त्यांची पाळी."

मी म्हटलं, "त्यासाठीही अर्ज करावा लागतो."

"कोणाकडे? माशांकडे?"

"प्रशासनाकडे."

"आर्विडनं आयुष्यात एक अर्ज केला नाही. बोटीचा परवानासुद्धा मीच भरला." मग डब्याला दोरी बांधत म्हणाला, "पण आईजवळच हवा तो. समुद्रात त्याला एकटं वाटेल. बोटीवर सुद्धा एकटा असला की रेडिओ लावून ठेवायचा. हवामानाचा, गाण्यांचा नाही. कोणीतरी बोलतंय म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचा भाऊ आणि मला ते मित्राकडून कळलं. मी पुढचा डबा भरायला घेतला. त्यात त्याच्या मोज्यांच्या जोड्या होत्या, आईनं विणलेल्या. टाचा मी रफू केलेल्या. मी त्या एकमेकींत नीट घातल्या आणि झाकण लावलं. ओडलाइव माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तू रडत का नाहीस ग? मला भीती वाटते तुझी." मी म्हटलं, "मलाही." आणि आम्ही कॉफी केली.

इथे सगळे सतरा मेच्या राष्ट्रीय दिनाची तयारी करताहेत. शेजारच्या माग्नहिल्डनं झेंडा इस्त्री केला. मला म्हणाली, "या वर्षी राष्ट्रीय पोशाख घालणार ना? कमरेला बसतो का अजून?" मी म्हटलं, कमरेला बसतो, पण मी घालणार नाही. ती म्हणाली, "शोक म्हणून?" मी म्हटलं, बटणं फार आहेत म्हणून. तेच खरं होतं.

तुझ्या दिवसाची आखणी मी पुन्हा करते आहे. दोन डोंगर आणि मधे दफनभूमी, ही वाट सोपी आहे. पण तुला ती टाळायची असेल तर बसनं थेट रोपवेच्या चढाशी उतरता येतं, म्हणजे दफनभूमीचं फाटकसुद्धा दिसणार नाही. दोन्ही वाटा लिहून पाठवते. काउंटरवर आमचा नियम होता, माणसाला दोन पर्याय द्यायचे आणि आपली आवड सांगायची नाही.

इंगुन


बेर्गन, ८ जून

प्रिय सिग्नी,

हे पत्र साउथहॅम्प्टनच्या हॉटेलवर पाठवते, म्हणजे जहाजावर चढण्याआधी तुझ्या हातात पडेल. सोबत नकाशा आहे. निळ्या पेन्सिलीची वाट दफनभूमीवरून जाते, हिरवी जात नाही. रोपवेपाशी दोन्ही मिळतात.

नाश्ता जहाजावर भरपेट करा. दुपारसाठी पाव आणि तपकिरी चीज जहाजावरून रुमालात बांधून घेतलंत तरी चालतं, सगळे घेतात, मागे बघू नका. उल्रीकेनवर जेवण चांगलं आहे, पण रांग असते. खाली उतरलात की मोठ्या तळ्याभोवती एक फेरी मारा. डेसमंडला बाकं आवडत असतील तर तिथे भरपूर आहेत. जहाजाच्या वेळेच्या बरंच आधी परत फिरा. जहाज कोणासाठी थांबत नाही. एका वर्षी दोन जर्मन बहिणी माझ्या काउंटरवर ओल्या होऊन आल्या होत्या, त्यांचं जहाज नुकतंच सुटलेलं. मोठी धाकटीला म्हणत होती, "तुला अजून एक फोटो हवा होता ना, आता घे." धाकटीनं खरोखर फोटो घेतला. मी त्यांना चहा दिला आणि पुढच्या बंदराची गाडी शोधून दिली. दोघी एका शब्दानं बोलत नव्हत्या, पण ओले मोजे एकाच हीटरवर वाळत घातले.

बेंटेचं ऑफिस दुपारी दोन वाजता बंद होतं. फाटकातून शिरलं की डावीकडे.

तुझी सही आली नाही तर काय, ते मी ओडलाइवशी बोलून ठेवलं आहे. अर्जाचा कागद आणून ठेवला आहे. तेव्हा माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. हे मी रागानं लिहीत नाही. मला सध्या राग येत नाही.

प्रवास सुखाचा होवो.

इंगुन


बेर्गन, १९ जून

प्रिय सिग्नी,

मी धक्क्यावर आले नाही. शब्द दिला होता, पाळला. दफनभूमीबद्दल तू काही म्हटलं नव्हतंस.

मी सकाळपासून तिथे होते. पाण्याच्या नळापाशी शेड आहे ना, झाऱ्या टांगलेल्या असतात, तिच्या मागे. लपले असं नाही. हातात झारी होती, आणि झारी घेतलेल्या म्हातारीकडे दफनभूमीत कोणी बघत नाही. तू हिरव्या वाटेनं जाशील असंच मला वाटत होतं. तरी मी थर्मास आणला होता.

तू निळ्या रेनकोटात आलीस, काठी घेऊन. गुडघे चांगले नाहीत, सिग्नी. मी विचारलं होतं, तू सांगितलं नाहीस. डेसमंड मागून टोपी धरून येत होता. तो उंच आहे हे मी विसरले होते. तू कबरीसमोर उभी राहिलीस, मग रुमालाला थुंकी लावून आईच्या नावावरचं शेवाळ पुसलंस. दगडाला थुंकी! आई आपली तोंडं पुसायची तशी. मला हाक मारावीशी वाटली का, असं तू विचारशील. माहीत नाही. मी झारी भरली. भरून झाल्यावर परत ओतली.

वारा तुमच्याकडून माझ्याकडे होता. डेसमंड म्हणाला, "ही तुझी आई?"

तू म्हणालीस, "ही आई. हे बाबा. आणि इथे मी." आणि काठी गवतात टेकलीस.

"इथे? इतक्या लांब? मग मी कुठे?"

"तू तुझ्या आईजवळ. तिनं तुला जिवंतपणी तरी मला कुठे पुरता दिला होता?"

तो हसला. तूही हसलीस. मग तो तुझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी तिकडे बघायचं थांबवलं.

अकरा वर्षं मला वाटत होतं की ती कबर तू आर्विडला द्यायची नाही म्हणून धरून ठेवली आहेस. तुला परत यायचं आहे हे मला कधी सुचलंच नाही. मी रोज सकाळी लोकांना ब्रिग्गेनची वाट सांगणारी बाई. घरी यायची वाट कोणी विचारली नाही, म्हणून मला वाटलं, कोणाला नको असेल.

तू बेंटेच्या ऑफिसात गेलीस ते मी पाहिलं. आत काय झालं ते तिनं आज सकाळी फोनवर सांगितलं. "तुझी बहीण आली होती. रेनकोट निथळत आत आली, माझ्या लाकडी जमिनीवर तळं केलं. भारी बाई आहे हं. 'बसा' म्हटलं तर म्हणते, 'बसायला आले नाही, सही करायला आले.' त्याला आत घ्या म्हणाली. 'आईला तो घरी आल्याशिवाय झोप यायची नाही,' असं म्हणाली. आणि दगडावर त्याच्या नावाशेजारी तुर्गेइरचं नाव आलं, तर पुढच्या जहाजानं परत येईन अशी धमकी दिली."

मी विचारलं, "हसत म्हणाली?"

"अजिबात नाही. मी हसले. मग तिनं दुसरा कागद मागितला. कबर तुझ्या नावावर केली. मी म्हटलं, इंगुनला विचारलंय का? तर म्हणते, 'विचारलं तर ती दोन पर्याय देईल आणि आपली आवड सांगणार नाही.' आता बिल तुझ्याकडे येईल. तुझी सही राहिली आहे, पावसाआधी ये."

"दुसऱ्या जागेचं काही बोलली?"

"नाही. फक्त विचारलं, एक काढून किती उरतात. मी म्हटलं, एक. ती बरं म्हणाली."

तुम्ही उल्रीकेनला गेलात का, ते मला कळलं नाही. मनोरा त्या वेळी ढगात होता. संध्याकाळी मी नूर्डनेसच्या टोकाला गेले. तो धक्का नाही. तुमचं जहाज तिथून जातं, इतक्या जवळून की डेकवरचे लोक दिसतात. निळे रेनकोट पुष्कळ होते. मी हात हलवला नाही, कारण कोणाला हलवायचा ते कळेना. मग जहाज वळलं आणि सगळ्यांची पाठ झाली. शेजारी एक माणूस कुत्र्याला घेऊन उभा होता. म्हणाला, "कोणी ओळखीचं होतं का?" मी म्हटलं, "बहीण." तो म्हणाला, "मग बरं झालं, हवा चांगली आहे." पाऊस पडत होता.

तुझी,
इंगुन


बेर्गन, १२ जुलै

प्रिय सिग्नी,

परवा आर्विडला ठेवला. मी, ओडलाइव आणि पाद्रीबाई. पाद्रीबाई तरुण होत्या, त्यांनी फार बोलण्याचा प्रयत्न केला नाही. कलश मीच खाली सोडला, दोन दोऱ्या असतात. वाटला होता त्यापेक्षा जड होता. दोरी हातातून सुटल्यावर तळवे लाल झाले आणि ते झोंबायला लागले. ते झोंबणं मला संध्याकाळपर्यंत जाणवत होतं. मी मुद्दाम हात पाण्याखाली धरले नाहीत.

तुर्गेइर फाटकाबाहेर उभा होता. मी बोलावलं नव्हतं, त्यानं आत यायला विचारलंही नाही. टोपी काढून उभा राहिला आणि आम्ही निघालो तेव्हा निघून गेला. हे तुला कळवते, कारण कोणीतरी कळवेलच.

आर्विडचं जे उरलं आहे आणि माझं जे उरेल, ते आता सगळं एकदम लिहून ठेवते. कबर माझ्या नावावर असल्यामुळे मला हे लिहायला बसावं लागलं, हे बरंच झालं. कोणाला काही विचारायचं असेल तर बेंटेकडे याची प्रत आहे.

बोट ओडलाइवला. त्यानं नको म्हटलं तरी त्यालाच, आणि रेडिओ बोटीतच राहू दे.

आईनं विणलेले मोजे तुर्गेइरला. ओडलाइव नेऊन देईल, चिठ्ठी नको.

आईच्या राष्ट्रीय पोशाखाची चांदीची पिन तुझ्या मुलीला, मरीला. ती कधी घालणार नाही हे मला माहीत आहे. ऑस्ट्रेलियात त्या ब्लाउजनं माणूस शिजेल. तरी तिलाच. पोशाख माग्नहिल्डच्या नातीला, ती माझ्याच मापाची होईल असं दिसतं.

सिस्टर आनुंसियाटांनी दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याबरोबर जाऊ दे. त्यातलं वाळलेलं पान काढू नका.

माझे नकाशे, पेन्सिली लावलेले सगळे, माहिती केंद्रातल्या नवीन मुलीला. ती हुशार आहे, पण सगळ्यांना एकाच वाटेनं पाठवते.

माझं ठरलं आहे. दफनभूमीच्या वरच्या अंगाला सामाईक हिरवळ आहे. तिथे एका मोठ्या दगडावर सगळ्यांची नावं ओळीनं असतात, आणि कोणाला गवत कापायला यावं लागत नाही. बेंटेनं मला विचारलं, "नक्की? तुझा हक्क आहे, आता तर कागदसुद्धा तुझ्या नावावर आहे." मी तिला म्हटलं, मला काउंटरची सवय आहे, अनोळखी माणसांत मी चांगली असते. तिनं फॉर्म फिरवून माझ्याकडे केला.

कबरीतली उरलेली जागा सिग्नीला. कागद सोबत आहे, तुझी सही खालच्या ओळीवर. मरीलाही सांगून ठेव, म्हणजे तुझ्यामागे शोधाशोध होणार नाही. दगड कोरणाऱ्याला मी आई-बाबांच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडून मग आर्विडचं नाव घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मधेच रिकामं विचित्र दिसेल." मी म्हटलं, दिसू दे. थोरली आहे ती.

तुझी,
इंगुन